अर्धा देवगिरी

देवगिरीचा किल्ला आयुष्यात किती वेळा बघायचा हे आमच्या शहरातला माणूस स्वतः ठरवत नाही, त्याचे नातेवाईक ठरवतात. माझा तेवीस वेळा बघून झाला होता. आकडा पक्का आहे, कारण मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे आणि पाहुण्यांची आवक-जावक लिहून ठेवायची मला खोड आहे. तेवीसपैकी एकदाही मी आपणहून गेलो नव्हतो. आणि तेवीसपैकी एकदाही शेवटच्या पायरीपर्यंत पोचलो नव्हतो.

दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कुणाचा गुडघा, कुणाचा रक्तदाब, कुणाचं कडेवरचं पोर. एकदा तर नव्या जोडप्याचं भांडण चांदमिनारपाशी सुरू झालं आणि काळाकोटाच्या दरवाजापर्यंत माहेरच्या तिकिटावर आलं. त्यामुळे खालच्या अर्ध्या किल्ल्याचा मी जाणकार झालो. वरच्या अर्ध्याबद्दल मी खालूनच सांगायचो, "वर काही विशेष नाही, तोफच आहे एक." दमलेले पाहुणे यावर आनंदानं विश्वास ठेवायचे. खरं म्हणजे हा किल्ला समोरून चढून जाऊन कुणी घेतला नाही, असं तिथले गाईड अभिमानानं सांगतात. त्यात आमच्या नातेवाइकांची गणती त्यांनी केलेली नाही एवढंच.

चोविसावी स्वारी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. डोंबिवलीहून साडू, मेहुणी, त्यांचा अकरावीतला मुलगा आणि सासूबाई असे चौघं आले. सोमवारी आले. सोमवारी अजिंठा बंद असतो. मंगळवारी वेरूळ बंद असतं. आठवड्याचे सात वार असताना पाहुणे नेमके सोमवारी उतरतात आणि मंगळवारी "कुठं जायचं?" म्हणून विचारतात, यामागे कोणता ग्रह आहे ते मला अजून कळलेलं नाही. मकबरा सोमवारी संध्याकाळी उरकला. मंगळवारला किल्ला उरला.

साडूंबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की ते त्याआधीच्या डिसेंबरात जैसलमेरला जाऊन आले होते.

"किल्ला कसा, वाळवंटात पाहिजे," पोह्यांवर लिंबू पिळत ते म्हणाले. "चहूकडे वाळू, मध्येच टेकडी, टेकडीवर पिवळाधमक किल्ला. आणि आत आजही लोक राहतात, भाऊ! दुकानं, हॉटेलं, सगळं आत!"

"आमच्याकडे वाळू नाही," मी म्हणालो, "पण नळाला आठ दिवसांनी पाणी येतं."

साडू मोठ्यानं हसले. मी विनोद केला नव्हता. तिकडे पैठणला नाथसागर काठोकाठ भरला, दरवाजे उघडले, टीव्हीवर दाखवलं, आणि इकडे आमचा नळ आपला वार सोडायला तयार नाही. आमचा वार बुधवार. म्हणून तर मंगळवारी किल्ला जमत होता. आठव्या दिवसाच्या आदल्या सकाळी टाकीत किती पाणी असावं याचं माझं एक गणित असतं. भाचा आंघोळीला गेला, पंचवीस मिनिटांनी बाहेर आला, आणि ते गणित संपलं.

पडेगाव, मिटमिटा मागे टाकून शरणापूरच्या पुढे गेलं की किल्ला दिसायला लागतो. भाताची मूद पाडावी तसा डोंगर, फक्त मुदीची कड कुणीतरी सुरीनं सरळ करून घेतलेली. खालच्या अंगाला चहूबाजूंनी दगड असा उभा तासलाय की पालीनंसुद्धा दोनदा विचार करावा. ही यादवांची राजधानी. पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीला इथं बस्तान मांडलं तेव्हा हा देवगिरी होता. पुढे मुहम्मद तुघलकानं त्याला दौलताबाद केलं. आमच्या शहराचंही तेच. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. आगगाडी देवगिरी एक्सप्रेस, स्टेशन दौलताबाद. आमच्याकडे पत्ता लिहिताना माणूस इतिहासात पास होतो. काळीपिवळीवाला मात्र एवढंच ओरडतो, "किल्लाऽ किल्लाऽ!" त्याची गाडी भरते.

दारात गाईड ठरवला. पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीचा, आमच्या गावची खास हिंदी बोलणारा. मी त्याला दरवर्षी भेटतो, पण आम्ही दोघंही ओळख दाखवत नाही. त्याच्या धंद्याला आणि माझ्या अब्रूला तेच बरं.

"देखो साब, सीधा रस्ता कायकू नै बनाया?" पहिल्या दरवाजात त्यानं सुरुवात केली. इथं दरवाज्यांची रांग आहे, पण एकही दुसऱ्यासमोर नाही. आत शिरलं की वळण, वळलं की पुन्हा दरवाजा. हत्तीला धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून. वर दारांना हे लांब लोखंडी खिळे.

"आमच्या जैसलमेरलापण असेच दरवाजे," साडू म्हणाले. ते 'आमच्या' म्हणाले. सहा दिवसांत माणसाची मालकी बसते.

आत रांगेनं मांडून ठेवलेल्या तोफांपाशी गाईडनं खिलजीची गोष्ट काढली. १२९६ साली अलाउद्दीन अचानक येऊन थडकला. रामदेवरायाचं मोठं सैन्य मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, बाहेर गेलेलं. राजा किल्ल्यात बसला. किल्ला भक्कम, काळजी नव्हती, घाईघाईनं गोण्याही भरभरून आत आणलेल्या. वेढा पडल्यावर गोण्या उघडल्या, तर आत धान्य नाही. मीठ! मग तह, खंडणी, सोनं, मोती, सगळं त्याच्या ओटीत घालावं लागलं.

ही गोष्ट मी तेवीस वेळा ऐकलीय आणि तेवीस वेळा लोक हळहळलेत. सासूबाई हळहळल्या नाहीत. त्या संतापल्या.

"उघडून नाही बघितल्या?"

"नै ना अम्मा. गडबड में..."

"गडबड कसली? वाणी दारात असतानाच गोणीत हात घालायचा असतो. खालपर्यंत. तांदूळ वर आणि कणी खाली, हे तर आमच्याकडे अजून करतात." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, यांच्याकडे कोठीवर कोणी बाईमाणूस नव्हतं का?"

मला उत्तर सुचेना. पण गेली कित्येक वर्षं त्या गोष्टीवर मी तह, फितुरी, गाफीलपणा वगैरे ऐकत आलो होतो, आणि हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. यादवांच्या दरबारात हेमाद्रीपंतांसारखा माणूस होऊन गेला. 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहिणारा, वर्षभराच्या व्रतांची जंत्री करून ठेवणारा. मला वाटतं, तिथंच घोटाळा झाला असावा. इतके उपास पाळणाऱ्या गावात धान्याची गोणी उघडायची वेळच कुणावर येत नसणार.

पुढं हत्ती हौद लागला. नुसतंच मोठं तळं म्हणून पाहुणे पुढं जातात. मी थांबतो. लांबी ३८ मीटर, रुंदीही तेवढीच, पोटात सुमारे दहा हजार घनमीटर पाणी मावायचं. आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत एक हजार लिटर. म्हणजे दहा हजार टाक्या. हे मी मनात नाही, मोठ्यानं म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, चला." ती दर वेळी इथंच 'चला' म्हणते.

सासूबाई पायरीवर टेकल्या. "इथं पाणी किती दिवसांनी सोडायचे?" त्यांनी गाईडला विचारलं. गाईडही आमच्याच शहरात राहतो. तो नुसता हसला.

तिथंच त्यांनी जाहीर केलं की आपल्याला वर यायचं नाही. गोणीत हात न घालणाऱ्या लोकांचं आणखी काही बघायची त्यांची इच्छा नव्हती. बाहेर रस्त्याला सीताफळांच्या टोपल्या येताना दिसल्या होत्या, त्यांचं मन तिथं होतं. दौलताबादची सीताफळं आणि अंजीर हे आमच्याकडे किल्ल्याहून मोठं प्रस्थ आहे. मी त्यांना सावलीत बसवलं, पैसे दिले, आणि आम्ही पाचजण गाईडच्या मागं निघालो.

चांदमिनार १४४५ सालचा, बहमनी. त्यावर चढू देत नाहीत, म्हणून सगळ्यांना तो फार आवडतो.

पुढं चिनी महाल. नाव ऐकून भाच्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. आत नूडल्स नाहीत हे कळल्यावर पुन्हा खाली घातलं. भिंतीवर निळ्यापांढऱ्या फरश्यांचे तुकडे तेवढे उरलेत. गोवळकोंडा पडल्यावर, १६८७ साली, औरंगजेबानं शेवटचा कुतुबशहा तानाशहा याला इथं आणून ठेवलं. तो शेवटपर्यंत इथंच राहिला.

"म्हणजे राहायला महाल, जेवण सरकारी, भाडं नाही," साडू म्हणाले. डोंबिवलीत रोज सकाळी फलाटावर उभं राहणाऱ्या माणसाला कैदेची कल्पना पटवून देणं अवघड असतं.

शेजारच्या गोल बुरुजावर मेंढा तोफ. पंचधातूची, मागं मेंढ्याचं डोकं, अंगावर औरंगजेबाचं नाव. तिचं खरं नाव 'किल्ला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी. किल्ला फोडणारी तोफ किल्ल्यातच ठेवण्यामागं काय हेतू असेल याचा मी खूप विचार केलाय. आमच्या बँकेत संपाचे पुढारी होते त्यांना बढती देऊन साहेबाच्या केबिनशेजारी बसवलं होतं. तसंच काहीतरी असावं.

इथवर माझं राज्य. यापुढं खंदक.

खंदक म्हणजे मातीचा चर नव्हे. अख्खा डोंगर गोल कोरून काढलाय, तळाशी हिरवं पाणी, त्यावर एक अरुंद पूल. पूल ओलांडला की अंधेरी. डोंगराच्या पोटातून वर नेणारा बोगदा. वाट वळत जाते, मध्येच फुटते, आणि पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवल्यात. वटवाघळांचा वास आधी येतो, वटवाघळं नंतर. तो वास एकदा नाकात गेला की वेरूळपर्यंत सोबत येतो. गाईडनं मध्यावर बॅटरी बंद केली.

आता या अंधाराबद्दल सांगतो. शहरात अंधार नसतोच. वीज गेली तरी कुणाचा तरी इन्व्हर्टर चालू असतो. हा अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेत हे हातानं चाचपून बघावं लागतं. मी भिंतीला तळहात लावला. दगड गार आणि किंचित ओला होता, आणि शेकडो वर्षं लोकांनी इथंच हात टेकल्यामुळं असेल, तेवढाच भाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. पुढं कुठंतरी बायकोच्या बांगड्या वाजल्या म्हणून ती त्या बाजूला आहे असं समजून मी पाय टाकला, तर पायरी होती त्यापेक्षा वीतभर खाली निघाली. त्या क्षणी मला यादवांचा स्थापत्यविचार पूर्ण समजला.

"दुश्मन इधर अंधेरे में आता," गाईडचा आवाज आला, "सामने उजाला दिखा तो खुश होके भागता, और सीधा खंदक में!" वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असायचं, त्यावर शेगडी पेटवून धूर आत सोडायचे. म्हणजे वाट चुकला तर खंदक, नाही चुकला तर शेगडी.

"इथं उंदीर आहेत?" मेहुणीनं विचारलं.

हे मला ठाऊक होतं, आणि न सांगणं मला जमत नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून निघालेला इब्न बतूता इथं येऊन गेला. इथल्या कैद्यांच्या कोठडीत मांजराहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. वाटेत कितीतरी अस्सल वाळवंटं तुडवून आलेला माणूस, आणि आमच्या किल्ल्यातले उंदीर लक्षात ठेवून गेला. हे मी खास साडूंना उद्देशून म्हणालो. पण तोवर मेहुणी बॅटरीशिवायच उजेडाकडे धावत सुटली होती आणि साडू तिच्या मागं. सुदैवानं आता त्या उजेडाच्या टोकाला खंदक नाही.

बाहेर आलं की गणपतीचं देऊळ, आणि तिथून पुढं नुसत्या पायऱ्या. किती, यावर एकमत नाही. गाईड साडेसातशे म्हणतो. मोजत चढणारे सगळे दोनशेच्या आसपास विसरतात. देवळापाशी एका वानरानं मेहुणीच्या हातातली चिवड्याची पिशवी घेतली. ओढली नाही, घेतली. वसुलीला आलेल्या माणसाच्या शांतपणानं. मग कठड्यावर बसून त्यानं आधी शेंगदाणे वेचून खाल्ले. सासूबाई असत्या तर त्यांना तो आवडला असता.

ऑक्टोबरचं ऊन कपाळावर आलं होतं. साडूंचा जैसलमेर बंद पडून बराच वेळ झाला होता. भाचा मोबाइल खिशात टाकून दोन-दोन पायऱ्या घेत कधीच नाहीसा झाला होता. मी कठड्याला धरून तुघलकाचा विचार करत होतो. १३२७ साली त्यानं राजधानी दिल्लीहून इथं हलवली आणि काही वर्षांतच परत नेली, म्हणून सातशे वर्षं झाली तरी आपण त्याला हसतो. दिल्लीहून इथं यायला चाळीस दिवस लागत. मी सिडकोतून बीड बायपासला घर हलवलं तेव्हा तीन टेम्पो लागले होते, चाळीस मिनिटं लागली होती, आणि लोणच्याची बरणी, पासबुकं आणि बायकोचा माझ्यावरचा विश्वास या तीन गोष्टी अजून सापडलेल्या नाहीत. तुघलकाला वेडा म्हणणाऱ्यानं आधी एकदा सोफा जिन्यातून उतरवून दाखवावा.

आणि मग बारादरी आली.

मी दचकलो. बारादरी! शहाजहानच्या काळातली, कमानींची, वाऱ्याची. तेवीस वेळा मी तिला खालून पाहिलं होतं. आत जाऊन सावलीत टेकलो तर घामावर असा वारा आला की साडूसुद्धा "वा" म्हणाले आणि पुढं जैसलमेर जोडायला विसरले. खाली चांदमिनार पेन्सिलीएवढा. त्याच्या पलीकडे रस्ता, रस्त्यावर ठिपक्यांसारख्या टोपल्या. वर अजून शंभरेक पायऱ्या. आज होणार होतं.

खरं सांगायचं तर मला तोफ बघायची नव्हती. मला जनार्दनस्वामींची गुहा बघायची होती. ते इथले किल्लेदार, आणि एकनाथ महाराजांचे गुरू. त्यांनी नाथांना इथं हिशेबाला बसवलं होतं. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक लागेना. नाथ दिवा लावून बसले, आणि पहाटे चूक सापडल्यावर त्यांनी आनंदानं टाळी वाजवली, अशी कथा आहे. लोक यातून पारमार्थिक अर्थ काढतात. काढोत. बँकेच्या माणसाला ती टाळी निराळी ऐकू येते. मार्च अखेरीला रात्री अकरा वाजता ताळा जुळला की आम्हीही वाजवत होतो. याच किल्ल्यात, नाथांच्या अडीचशे वर्षं आधी, गोण्याच्या गोण्या मीठ धान्याच्या खात्यावर चढलं होतं. चुकीच्या शतकात चुकीचा कारकून, दुसरं काय!

हे सगळं मी बायकोला सांगत होतो. ती ऐकत होती, असं मला वाटलं. तेवढ्यात भाचा वरून उड्या मारत खाली आला.

"जाऊन आलास?"

"हो काका. वर काही विशेष नाही. तोफच आहे एक."

"आणि गुहा? पादुका?"

"गुहा?" त्यानं डोकं खाजवलं. "वाटेत काहीतरी होतं. नीट बघितलं नाही."

मी उठलो. गुडघ्यांवर हात ठेवला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि बायकोचा फोन वाजला.

"काऽय? आत्ता? आज?" तिचा आवाज बारादरीच्या कमानींत घुमला. "पण आमचा तर उद्या होता!"

शेजारच्या काकू होत्या. पाणी आलं होतं. एक दिवस आधी, न सांगता, खिलजीसारखं. खालच्या टाकीचा कॉक बंद, फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आलेलं पाणी आमच्याकडे पाऊण तास टिकतं. घर पंचवीस किलोमीटर. पाहुणे अजून तीन दिवस राहणार होते.

"चला!" बायको म्हणाली.

हे 'चला' हौदापाशी म्हणते ते नव्हतं.

साडू एवढे दमले होते की त्यांनी या बातमीचं स्वागत केलं. मी एकदा वर बघितलं. शंभर पायऱ्या, फार तर एकशे दहा. मग खाली. अंधेरीत या वेळी कुणाला उंदीर आठवला नाही. मेहुणी बॅटरीच्या पुढं, वटवाघळं तिच्या पुढं. मेंढा तोफ, चिनी महाल, चांदमिनार उलट्या क्रमानं मागं पडले. गाईडनं पैसे घेतले आणि पहिल्यांदाच ओळख दाखवली. "आज थोडाइच रहा था साब," तो म्हणाला. "अगले साल."

सासूबाई गाडीपाशी उभ्या होत्या. पायाशी सीताफळांची टोपली. टोपलीवाली बाई त्यांच्याकडे आदरानं बघत होती, म्हणजे जरा लांबून. त्यांनी टोपली रस्त्यावर उपडी करून खालचा थर वर आणि वरचा खाली करून घेतला होता. एकेका फळाचे डोळे उघडलेत का, हे अंगठ्यानं बघून मगच ते परत आत गेलं होतं. पलीकडच्या हातगाडीवरून दोन किलो पेरूही घेतले होते.

गाडी शरणापूरच्या पुढं येईपर्यंत कुणी बोललं नाही. बायको घड्याळ बघत होती. मी ॲक्सिलरेटर दाबत होतो. मागं पेरूवाल्यानं दिलेली कागदी पुडी सासूबाईंनी सोडली, चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली.

"मीठच आहे," त्या म्हणाल्या, आणि पुडी पुन्हा नीट बांधून ठेवली.